मालपाची वाट

एग्वियों, रविवार, ११ सप्टेंबर १९९४

प्रिय आंसेल्म,

पोचले बाबा एकदाची. मी धड आहे, सायकलही धड आहे. आगगाडीतल्या तिकीटवाल्याला मात्र पटत नव्हतं. "आजी, ही सायकल नक्की तुमची?" म्हणे. म्हटलं, माझ्या नवऱ्याची. तो वर गेला, तिकडे चढ नाहीत, म्हणून मला ठेवून गेला. मग त्याने निमूटपणे ती डब्यात चढवून दिली.

आपली लोत नदी जिथे गारोनला मिळते, तिथे काठावर बसून लिहितेय. आपलं पाणी हिरवं, तिचं चहासारखं. थोडा वेळ दोन्ही शेजारी शेजारी वाहतात आणि मग आपली बिचारी दिसेनाशी होते. मला नाही आवडलं ते.

स्टेशनवर तू असा चेहरा करून उभा होतास की जणू मला पुरायलाच आला आहेस. फोनवर तू नुसतं हं हं करतोस, म्हणून लिहूनच सांगते. मेयर बुस्के भर बैठकीत मला काय म्हणाला ते तू ऐकलंस ना? "मादाम काप्मास, नदीकाठच्या त्या वाटेने हल्ली चालतं तरी कोण?" आणि सगळे हसले. तूही खाली बघितलंस. आता शुक्रवारी, तेवीस तारखेला, ते हात वर करून ठरवणार की वाट नाहीच, आणि गावाच्या नकाशावरून ती पुसून टाकणार. मग मस्यू व्होत्रेलने वाटेवर घातलेलं ते फाटक कायमचं.

चालतं कोण? मी चालते. नदीच्या तोंडापासून आपल्या सां-तोरेलपर्यंत काठ सोडणार नाही. जमेल तिथे सायकलवर बसेन, नाही तिथे तिला हाताने धरून नेईन. तेवीसला त्या फाटकापाशी येऊन उभी राहीन. मग विचारावं म्हणावं मेयरने.

आणि त्या फाटकावर सोनेरी अक्षरांत 'मालपा' लिहून ठेवलंय, ते आठवलं की मला अजून हसू आवरत नाही. पॅरिसचा एवढा शिकलेला माणूस! शेताचं जुनं नाव सापडलं म्हणून खूश झाला आणि आपल्या मनानेच अर्थ लावून मोकळा झाला. 'पा माल', म्हणजे 'वाईट नाही', याचंच ते उलटं, म्हणे. बाटल्यांवरही छापलं: 'मालपा. वाईट नाही, उलट उत्तमच!' अख्खं गाव गालात हसतंय आणि त्याला कुणी सांगत नाही. मीही नाही सांगणार. चांगली गंमत उगाच कशाला घालवायची.

एक काम कर. नदीकडच्या खिडकीत वाटसरूंच्या सुपाचा वाडगा परत ठेव. फाटक झाल्यापासून कुणी येत नाही म्हणून तू तो कपाटात ठेवून दिलास, ते मी पाहिलंय. आजोबा बोटी ओढणाऱ्या घोड्यांबरोबर चालायचे तेव्हापासून ती खिडकी रिकामी राहिलेली नाही.

उत्तर क्लेराकच्या पोस्टात पाठव, मी जाऊन मागेन. तू आयुष्यभर टपाल वाटलंस, आता जरा स्वतः लिही.

तुझी बहीण,
झेली

*

सां-तोरेल, मंगळवार, १३ सप्टेंबर

प्रिय झेली,

तुझं पत्र मिळालं. नवीन पोस्टमन गाडीतून येतो, उतरतसुद्धा नाही, खिडकीतून हात काढून पेटीत टाकतो. आमच्या वेळी असं असतं तर मला माणसांची तोंडंही ओळखता आली नसती. असो.

इकडे सगळं ठीक आहे. वरच्या मळ्यातली द्राक्षं चाखून पाहिली. साल अजून जाड आहे पण बिया तपकिरी झाल्यात. रात्री गार पडतंय, ते चांगलं. कुत्रा तुझ्या खोलीच्या दाराशी झोपतो.

मी तुला एवढंच सांगतो की चिडून काही होत नाही. व्होत्रेल काही राक्षस नाही. भेटला की टोपी काढतो. त्याने पडकं घर उभं केलं, ओसाड पडलेल्या बांधांवर पुन्हा वेली लावल्या, गावातल्या चार जणांना काम दिलं. त्याचं म्हणणं इतकंच की कुणीही सोम्यागोम्या त्याच्या वेलींतून फिरू नये. गावातल्या माणसांना त्याची ना नाही. तू सगळ्यांना एकाच मापाने मोजतेस.

तुझ्या कमरेचं काय? डॉक्टरने काय सांगितलं होतं ते आठव. विलनवपर्यंत आलीस की पुरे झालं, तिथून आगगाडीने घरी ये. कुणी तुला हसणार नाही.

वाडग्याचं बघतो.

तुझा भाऊ,
आंसेल्म

*

कास्तेलमोरों, गुरुवार, १५ सप्टेंबर

प्रिय आंसेल्म,

"वाडग्याचं बघतो." पोस्टमन झालास म्हणून वाचलास, मंत्री व्हायला हवा होतास!

माझी कंबर ठीक आहे. दुखते, पण ती घरी बसूनही दुखायचीच. इथे निदान दुखायला काही कारण तरी आहे.

हा सगळा आलुबुखाऱ्यांचा मुलूख. भट्ट्या पेटल्यात. मैलभर आधीपासून वास येतो, जॅम करपल्यासारखा. एका बाईने मला भट्टीतून काढलेले गरम आलुबुखारे एप्रनमधून दिले. म्हणाली, "कुठून आलात?" मी सांगितलं. "कुठे चाललात?" तेही सांगितलं. "का?" म्हणाली. तेव्हा मी सगळी हकिगत सांगितली, तर ती भट्टी सोडून माझ्याबरोबर पुढच्या पुलापर्यंत चालत आली. पायात लाकडी चपला! तिच्याकडेही म्हणे कुणीतरी काठाला तार मारलीय, आणि ती रोज त्या तारेवर धुणं वाळत घालते. मालक काढून टाकतो, ही परत घालते. बाई मला फार आवडली.

काल मात्र एका ठिकाणी अडले. काठावर मक्याचं शेत पार पाण्यापर्यंत नांगरलेलं, वाटेची खूणही नाही. ट्रॅक्टरवरचा माणूस ओरडला, "मादाम, इथे रस्ता नाही!" मी म्हटलं, "आता आहे," आणि सायकल खांद्यावर घेऊन पाण्याच्या कडेकडेने गेले. बूट भरले चिखलाने. तो उभा राहून बघत राहिला. शेवटी खाली उतरून आला आणि सायकलचं मागचं चाक धरलं. पलीकडे पोचल्यावर म्हणाला, "आई ओरडेल मला." चांगला पन्नाशीचा होता!

संध्याकाळी एका खानावळीत सूप प्याले. तळाला थोडं राहिलं तेव्हा सवयीने त्यात लाल वाईन ओतली, वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला. शेजारच्या टेबलावरची जर्मन पोरं बघतच राहिली. मालकीण आतून बाहेर आली आणि म्हणाली, "आता हे करणारं कुणी राहिलं नाही." म्हटलं, आहोत की! बाबा आठवले. खिडकीत उरलेलं सूप आणि बाटली ठेवून ते वाटेवरच्या माणसाला म्हणायचे, "मारा घोट आणि चाला." नाव विचारायचे नाहीत. मासे पकडायला येणारा कासिमीर, द्राक्षं तोडायला येणारे ते स्पॅनिश लोक, आणि तू. तूसुद्धा टपालाची पिशवी घेऊन बाहेरून यायचास, स्वतःच्याच घराच्या खिडकीवर टकटक करायचास. बाबा तुलाही बाहेरच वाडगा द्यायचे. "सरकारी कामावर आहे, आत घेता येत नाही!"

फाटकाची काय हालचाल? पुढचं पत्र विलनवच्या पोस्टात टाक.

तुझी,
झेली

*

सां-तोरेल, शुक्रवार, १६ सप्टेंबर

प्रिय झेली,

तुझं पत्र वाचून हसलो. मग काळजी वाटली. पाण्याच्या कडेने सायकल खांद्यावर घेऊन! तू एकाहत्तर वर्षांची आहेस.

फाटकाची कसली हालचाल असणार? फाटक आहे तिथे आहे. खरं सांगायचं तर काम चांगलं झालंय. ओकचं लाकूड. बिजागऱ्यांना तेल घातलेलं असतं, उघडताना आवाज म्हणून होत नाही. सुतार सांगत होता की रंगवायला न्यायचं झालं तर स्क्रूसुद्धा काढावा लागत नाही, दोन माणसांनी वर उचललं की अलगद निघतं. आजकाल असं काम कोण करतं? बाहेरच्या माणसाने केलं म्हणून वाईटच म्हणायचं, हे मला पटत नाही.

मेयर काल भेटला. म्हणाला, गावात झेलीशिवाय कुणाची तक्रार नाही. मी काही बोललो नाही. बोलून काय उपयोग?

द्राक्षं भराभर पिकतायत. तोडणी लवकर घ्यावी लागेल असं सगळे म्हणतात. तू इथे असायला हवीस. विलनवहून गाडी पकड, माझं ऐक.

आंसेल्म

*

विलनव, शनिवार, १७ सप्टेंबर

आंसेल्म,

इथल्या बाजारात आपल्या गावातली पेलाजी भेटली. बदकं विकायला आली होती. मला सायकलवर बघून तिने दोन्ही बदकं सोडून दिली असती. मी सगळं सांगत होते, की मी वाट चालून दाखवणार वगैरे, आणि ती माझ्याकडे वेड्यासारखी बघत होती. मग म्हणाली, "पण झेली, तुला चावी मिळाली नाही का? आम्हा सगळ्यांना मिळाली. तुमच्या घरच्या दोन्ही चाव्या तर त्याने आंसेल्मकडे दिल्या."

तुझं पत्र त्याच वेळी माझ्या खिशात होतं. उघडताना आवाज होत नाही म्हणे! बंद फाटक उघडताना आवाज होतो की नाही, हे बाहेर उभ्या माणसाला कळत नाही, आंसेल्म.

कुठे ठेवल्यास? साखरेच्या डब्यात? तू काही लपवायचं असलं की साखरेच्या डब्यातच लपवतोस, सहा वर्षांचा होतास तेव्हापासून.

तुला वाटलं मी माझी चावी नदीत फेकेन. फेकलीच असती! तुला एवढंही कळत नाही? त्याने चावी दिली म्हणजे वाट त्याची झाली. चावी घेतली की कुलूप मान्य केलं. आज देतोय, उद्या म्हणेल परत द्या, आणि तू टोपी काढून परत देशील. बैठकीत सगळे का हसले ते मला आज कळलं. सगळ्यांच्या खिशात चाव्या होत्या. म्हातारी एकटीच वाट वाट करत ओरडत होती आणि तिचा भाऊ तिच्या शेजारी चावी घेऊन बसला होता.

आणि तूच! त्या वाटेने रोज टपाल घेऊन चाललेला माणूस. पावसात, बर्फात. सगळ्या गावात त्या वाटेची तुझ्याइतकी कुणालाच माहिती नव्हती.

मी गाडी पकडणार नाही. तुझं पत्र नको. लिहायचंच असेल तर फ्युमेलच्या पोस्टात पडून राहू दे.

झेली

*

सां-तोरेल, मंगळवार, २० सप्टेंबर

झेली,

हे पत्र फ्युमेलला पडून राहील म्हणालीस. पडू दे, पण वाच.

साखरेच्या डब्यातच होत्या.

रविवारी चर्चबाहेर मेयरने जाहीर केलं की द्राक्षं लवकर पिकली, तोडणी सुरू झाली की कुणी बैठकीला येणार नाही, म्हणून बैठक शुक्रवारऐवजी सोमवारी, म्हणजे काल संध्याकाळी. मला लगेच कळलं की तू पोचणार नाहीस, आणि त्यालाही कळलेलं होतं. तुला कळवायला वाटेत कुठेतरी तार करावी म्हटलं, मग वाटलं, तार करून तू काय उडत येणार आहेस?

मी घरी आलो. सूप केलं, प्यायलो, तळाला वाईन ओतली. आणि वाडगा उचलताना खिडकीकडे बघितलं. रिकामी खिडकी. बाबांनी आज मला आत घेतलं नसतं.

आता बैठकीचं सांगतो. शाळेची खोली भरली होती. व्होत्रेल पुढे बसला होता, कोट घालून, आणि त्याने सगळ्यांसाठी त्याच्या बाटल्या आणल्या होत्या, टेबलावर मांडलेल्या. मेयर म्हणाला, इथे कुठे वाट होती असं कुठल्याच जुन्या दस्तात नाही, मस्यू व्होत्रेल गावाशी नीट वागतायत, चाव्याही दिल्यात, कुणाला काही बोलायचंय का? तुला माहितीय, मला चार माणसांत बोलता येत नाही. लोकांच्या दारात उभं राहून "सही करा" एवढंच बोलायची मला सवय.

उभा राहिलो. म्हटलं, "मस्यू व्होत्रेल, तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय?"

तो हसला. "मालपा. म्हणजे वाईट नाही!"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. पेलाजीच असावी.

मी म्हटलं, "नाही मस्यू. पा म्हणजे 'नाही', हे तुमच्या पॅरिसमध्ये. आणि पा म्हणजे पाऊल, हे सगळीकडेच. मालपा म्हणजे वाईट पाऊल, जिथे पाय घसरतो ती जागा. तुमच्या फाटकापाशी खडक नदीत येतो, तिथे वाट हातभर रुंद होते. बोटी ओढणारे घोडे तिथे घसरायचे. माझ्या आजोबांचा एक घोडा तिथेच पाण्यात गेला. म्हणून ते नाव. वाट नसती तर तिथे पाऊल कुठून आलं असतं? दस्तात नसेल, पण वाट तुमच्या फाटकावर सोनेरी अक्षरांत लिहिलीय, मस्यू, आणि तुम्ही ती प्रत्येक बाटलीवर छापलीय."

झेली, असा हशा पिकला! व्होत्रेल लाल झाला. मला वाटलं रागावला, पण तो बाटली हातात घेऊन नुसता बघत होता. मग म्हणाला, "इतके दिवस मला कुणी सांगितलं का नाही?" मला तेव्हा त्याची कीव आली, खोटं कशाला सांगू.

मग मी दोन्ही चाव्या टेबलावर ठेवल्या. "ही माझी," म्हटलं, "आणि ही माझ्या बहिणीची. तिला मी दिलीच नव्हती, कारण ती माझ्यापेक्षा शहाणी आहे. मी या वाटेने टपाल वाटलंय. सरकारी कामाला कधी चावी लागली नाही."

पेलाजीने उठून आपली ठेवली. कासिमीरने ठेवली, वर म्हणाला की मासे रस्त्याने जात नाहीत. खाटिकाची बायको म्हणाली, माझी घरी राहिलीय, थांबा, आणि खरंच पळत जाऊन घेऊन आली, आणि तोवर मेयरला थांबावं लागलं. पाववाल्याने नाही ठेवली. त्याचा पाव व्होत्रेलकडे जातो. असू दे. मी त्याला काय बोलणार?

हात वर झाले. वाट नकाशावर राहिली.

पण ऐक. व्होत्रेल उठून म्हणाला की मी कोर्टात जाईन, आणि निकाल लागेपर्यंत फाटक बंद राहील, माझ्या जमिनीवर माझं कुलूप. चाव्या गोळा केल्या आणि आज सकाळी गाडी घेऊन पॅरिसला गेला. मेयर म्हणतो, कोर्टाचं होईपर्यंत कुणी फाटकाला धक्का लावायचा नाही, मोडतोड केली तर पोलीस बोलवीन. तेव्हा आता पाववाला सोडला तर गावात एकाकडेही चावी नाही, आणि तो काही आपली देणार नाही. तू चालत आलीस तरी आत यायला वाट नाही. खडकाच्या अलीकडे वर चढ आणि डांबरी रस्त्याने ये. मी कोपऱ्यावर उभा राहीन. यात तुझी हार नाही. तू जिंकलीस.

माझ्यावर रागावलेली असशील तर रहा. पण ये.

आंसेल्म

*

फ्युमेल, बुधवार, २१ सप्टेंबर

माझ्या लाडक्या, वेड्या आंसेल्म,

पोस्टातल्या मुलीने मला खुर्ची दिली. मी तिथेच बसून तुझं पत्र वाचलं आणि रडले. हे एकदाच सांगते, पुन्हा विचारायचं नाही. मुलगी घाबरली, म्हणाली, कुणी गेलं का? म्हटलं, नाही गं, उलट माझा भाऊ परत आला.

बाबांनी तुला आत घेतलं असतं. खिडकीतून वाडगा नसता दिला, दार उघडलं असतं.

पाववाल्याचा पाव आजपासून बंद. मी स्वतः भाजेन. तुला करपलेला चालेल.

आता नीट ऐक, कारण तू पुन्हा शहाणपणा करायला लागला आहेस. डांबरी रस्ता? मी गारोनपासून इथवर काठ सोडला नाही. मक्यात चिखल तुडवला. एका कुत्र्याने माझा झगा फाडला. काल तर पावसात एका पुलाखाली बसून मी माझ्या नवऱ्याला, वर गेलेल्या एल्वाला, शिव्या दिल्या की असली जड सायकल का घेतलीस. आणि आता घराजवळ येऊन, आपल्या स्वतःच्या खडकापाशी, मी वर चढून गाड्यांच्या रस्त्याने येऊ? वाट नकाशावर राहिली आणि पायाखाली नाही, असली वाट मला नको. नकाशावर चालत नाही कुणी.

मोडतोड करायची नाही म्हणतो मेयर. अगदी बरोबर आहे त्याचं. एक खिळासुद्धा वाकवायचा नाही. इतकं सुंदर काम, ओकचं लाकूड, तेल घातलेल्या बिजागऱ्या. तूच तर लिहिलं होतंस, रंगवायला न्यायचं झालं तर दोन माणसांनी वर उचललं की अलगद निघतं.

मी शुक्रवारी दुपारी तिथे असेन. तू आतल्या बाजूने ये. बांधावरून ये, तुला ठाऊक आहे कसं. तू तिकडून धर, मी इकडून धरते. उचलायचं, बाजूच्या भिंतीला नीट टेकवून ठेवायचं, सोनेरी अक्षरं बाहेरच्या बाजूला, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येतील. कुलूप तसंच लागलेलं राहू दे. त्याचं कुलूप आहे, आपण कशाला हात लावावा?

पोलिसाला बोलवायचं तर बोलव म्हणावं. येताना चालत ये म्हणावं, त्याच वाटेने.

सूप चुलीवर ठेव. बीन्स थोडे जास्त घाल. आणि वाडगा खिडकीत ठेव, टेबलावर नाही. मी नदीकडून येतेय.

तुझी,
झेली